खोटा अपघात दावा आणि न्यायालयाचा अवमान : कैफियतीवर सही केलेल्या गाडीमालकाच्या प्रश्नाला उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. शेजारच्या घरातील तरुण डिसेंबर २०२४ मध्ये रात्री मोटारसायकल घसरून पडला आणि त्याच्या मांडीचे हाड मोडले. दुसरे कोणतेही वाहन तेथे नव्हते. शस्त्रक्रियेचा खर्च घरच्यांना झेपणारा नव्हता, म्हणून कोणाच्या तरी सल्ल्यावरून तुमची विमा असलेली जीप त्याला धडकली असे दाखवण्यात आले. १९ दिवसांनी फिर्याद नोंदली गेली, तुम्ही पोलिसांसमोर धडक मान्य केली, फौजदारी न्यायालयात गुन्हा कबूल करून दंड भरला आणि मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात ‘अपघात झाला हे खरे, परंतु भरपाईची जबाबदारी विमा कंपनीची आहे’ अशी सत्यापनासह कैफियत (म्हणजे मजकूर खरा असल्याचे सहीने सांगून दाव्याला दिलेले लेखी उत्तर) दाखल केली. आता विमा कंपनीने रुग्णालयाचे कागद मिळवले असून, अर्जदार (म्हणजे भरपाई मागणारा तो तरुण) आणि तुम्ही मिळून न्यायालयाचा अवमान केला आहे, सबब दोघांवर कारवाई व्हावी, असा अर्ज दिला आहे. परदेशात अशा दाव्यांवरून लोकांना थेट तुरुंगात पाठवल्याचे तुमच्या वाचनात आले आहे आणि तुम्हाला विचारायचे आहे की हा खरोखर अवमान आहे का, शिक्षा होऊ शकते का आणि आता काय करावे.

मोटार अपघात दाव्यांत मी अर्जदारांकडूनही उभा राहिलो आहे आणि विमा कंपन्यांकडूनही, त्यामुळे दोन्ही बाजू कशा विचार करतात हे मला ठाऊक आहे. तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘होय, होऊ शकतो’ असे आहे. परंतु तुम्ही ज्या शब्दाला घाबरला आहात तो तुमच्यासमोरचा मोठा धोका नाही. मोठा धोका त्याच अर्जातील दुसऱ्या विनंतीत आहे, जिच्याबद्दल तुम्ही काहीच विचारलेले नाही.

आधी अवमानाचे पाहू. न्यायालय अवमान अधिनियम, १९७१ च्या कलम २(क) मध्ये फौजदारी अवमानाची व्याख्या आहे. न्यायालयाची बदनामी करणे एवढाच अवमान असतो असा सर्वसाधारण समज दिसतो, पण न्यायिक कामकाजाच्या ओघात अडथळा आणणारी किंवा न्यायदानात कोणत्याही प्रकारे हस्तक्षेप करणारी कृतीही त्या व्याख्येत बसते. बनावट कागद दाखल करून न्यायाधीशांना चुकीच्या निष्कर्षाकडे नेणे हा असा हस्तक्षेप आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने चंद्रशशी विरुद्ध अनिलकुमार वर्मा या प्रकरणात स्पष्ट केले. तेथे पतीने पत्नीच्या अर्जाला विरोध करताना अनुभवाचा बनावट दाखला जोडला होता आणि त्याला दोन आठवड्यांची कैद झाली. पुढे १९९५ मध्ये धनंजय शर्मा विरुद्ध हरियाणा राज्य या प्रकरणातही न्यायालयात खोटे प्रतिज्ञापत्र देणे हा फौजदारी अवमान ठरवण्यात आला. तेव्हा ‘मी न्यायाधीशांना एक शब्दही वावगा बोललो नाही, मग अवमान कसला’ हा बचाव चालणार नाही.

मात्र या दोन्ही प्रकरणांत खोटे कागद प्रत्यक्ष सर्वोच्च न्यायालयातच दाखल झाले होते आणि त्या न्यायालयाला स्वतःच्या अवमानाबद्दल शिक्षा देण्याचा अधिकार संविधानाच्या अनुच्छेद १२९ नेच दिलेला आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी बसणाऱ्या न्यायाधिकरणाला तसा अधिकार नाही. दुय्यम न्यायालयाच्या अवमानाची दखल कलम १० नुसार उच्च न्यायालय घेते, आणि कलम १५(२) नुसार ती दुय्यम न्यायालयाने संदर्भ पाठवल्यावर किंवा महाधिवक्त्यांच्या (राज्य सरकारच्या मुख्य कायदा अधिकाऱ्यांच्या) प्रस्तावावरून घेतली जाते. उच्च न्यायालय आपणहूनही दखल घेऊ शकते, परंतु विमा कंपनीला स्वतःच्या सहीने फौजदारी अवमानाची कार्यवाही परस्पर सुरू करता येत नाही. प्रकरण निदान दोन न्यायमूर्तींच्या पीठासमोर चालावे लागते. मुदतीची अट निराळीच : अवमान घडल्यापासून एक वर्षाच्या आत कार्यवाही सुरू व्हावी लागते. लबाडी दडवून ठेवली असेल तर ती उघड होईपर्यंतचा काळ धरला जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये पल्लव शेठ प्रकरणात म्हटले आहे, त्यामुळे वर्ष सरण्याची वाट पाहत गप्प बसण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नका.

कलम १० च्या परंतुकावरही (म्हणजे कलमाला जोडलेल्या अपवादावरही) वाद झडतो. जो अवमान भारतीय दंड संहितेखाली शिक्षापात्र अपराध आहे त्याची दखल उच्च न्यायालयाने घेऊ नये, असे ते परंतुक सांगते. खोटी साक्ष हा दंड संहितेखालचा अपराध असल्याने येथे अवमानाची कारवाई होऊच शकत नाही, असा युक्तिवाद तुमचे वकील कदाचित करतील. ऐकायला तो बिनतोड वाटतो, पण सर्वोच्च न्यायालयाने १९५० च्या दशकापासून या परंतुकाचा अर्थ मर्यादित ठेवला आहे : ती कृती दंड संहितेत अवमान म्हणूनच शिक्षापात्र असेल, उदाहरणार्थ बसलेल्या न्यायालयाचा मुद्दाम उपमर्द, तरच उच्च न्यायालयाचा हात थांबतो, तीच कृती दुसऱ्या एखाद्या नावाने अपराध असली म्हणून थांबत नाही. एवढ्या एका मुद्द्यावर सगळा बचाव टांगून ठेवू नका.

अवमान सिद्ध झाला तरी कलम १२ खाली कमाल शिक्षा सहा महिन्यांची साधी कैद किंवा दोन हजार रुपये दंड किंवा दोन्ही एवढी आहे, आणि मनापासून मागितलेली माफी स्वीकारून न्यायालय शिक्षा माफ करू शकते. तुमच्या वाचनात आलेली प्रकरणे बहुधा इंग्लंडमधील असावीत. तेथे दाव्याच्या प्रत्येक महत्त्वाच्या कागदाखाली सत्यतेचे निवेदन सही करून द्यावे लागते, ते खोटे निघाल्यास अवमानाची कार्यवाही होऊ शकते असा इशारा त्या निवेदनातच छापलेला असतो, आणि कैद दोन वर्षांपर्यंत होऊ शकते. विमा कंपन्या न्यायालयाची परवानगी घेऊन स्वतः ही कार्यवाही चालवतात. तेथे अवमान हे विमा कंपन्यांच्या हातातले नेहमीचे हत्यार झाले आहे. आपल्याकडे ते क्वचित उपसले जाते, कारण आपल्याकडे त्याहून जवळचा आणि जास्त धारदार मार्ग उपलब्ध आहे.

तो मार्ग म्हणजे भारतीय नागरी सुरक्षा संहितेचे कलम ३७९, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ३४०. विमा कंपनीच्या अर्जाच्या शेवटच्या परिच्छेदात त्याचा उल्लेख आहे की नाही ते पाहा; असणारच. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १६९(२) मध्ये स्पष्ट म्हटले आहे की खोट्या पुराव्याबाबतच्या फौजदारी प्रक्रियेतील तरतुदींसाठी दावा न्यायाधिकरण हे दिवाणी न्यायालय मानले जाईल. त्यामुळे अवमानासाठी न्यायाधिकरणाला उच्च न्यायालयाकडे पाहावे लागत असले तरी खोट्या पुराव्याबद्दल ते स्वतः प्राथमिक चौकशी करून प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार पाठवू शकते. तुमच्या प्रकरणातील सर्व कागद १ जुलै २०२४ नंतरचे असल्याने दंड संहितेच्या जागी आलेली भारतीय न्याय संहिता लागू होते. तिच्या कलम २२९ खाली न्यायिक कामकाजात हेतुपुरस्सर खोटा पुरावा देण्यास सात वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड आहे. कलम २४६ खाली न्यायालयात अप्रामाणिकपणे खोटा दावा करण्यास दोन वर्षांपर्यंत कैद आहे. त्याशिवाय कट आणि फसवणूक यांची कलमे लागतात. सहा महिन्यांची साधी कैद आणि सात वर्षे यांची तुलना तुम्हीच करा. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात तुम्ही अजून उभे राहिलेला नाही हे खरे, पण सत्यापन केलेली कैफियत हेही कायद्याने सत्य सांगण्यास बांधून घेतलेले कथन असते. ‘मी अजून साक्ष दिलेली नाही’ म्हणून तुम्ही सुटत नाही.

आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवा. तक्रार पाठवायची की नाही हे ठरवताना न्यायाधिकरणाने तुमचे म्हणणे ऐकलेच पाहिजे असा हक्क तुम्हाला नाही. महाराष्ट्रातूनच गेलेल्या प्रितीश प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये हे सांगितले आणि २०२२ मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ते कायम ठेवले. दुसरे असे की बनावटगिरी कागद न्यायालयात येण्याआधी बाहेर झाली असेल, म्हणजे खोटा दाखला आधीच तयार करून मग जोडला असेल, तर इक्बालसिंग मारवा प्रकरणातील २००५ च्या निर्णयानुसार न्यायालयाच्या तक्रारीची वाट न पाहता पोलीस थेट गुन्हा नोंदवू शकतात.

एवढे सांगितल्यावर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण विमा कंपनीचा अर्ज आला म्हणजे लबाडी सिद्ध झाली असे होत नाही. अपघाताच्या दाव्यात पुराव्याची पातळी संभाव्यतेच्या तुलनेची असते, म्हणजे कोणती बाजू जास्त शक्य दिसते एवढेच पाहिले जाते. दावा सिद्ध न होणे ही एक गोष्ट आणि तो जाणूनबुजून खोटा असणे ही अगदी वेगळी गोष्ट. खोट्या साक्षीसाठी खटला तेव्हाच भरावा जेव्हा खोटेपणा हेतुपुरस्सर दिसतो आणि शिक्षा होण्याची वाजवी शक्यता असते, हे तत्त्व १९७१ च्या छाजूराम प्रकरणापासून पाळले जाते. केवळ फिर्याद उशिरा दाखल झाली म्हणून दावा खोटा मानू नये, हेही रवी विरुद्ध बद्रीनारायण या २०११ च्या निर्णयात सांगितले आहे : घरचा माणूस अतिदक्षता विभागात असताना नातेवाईक आधी रुग्णालय पाहतात, पोलीस ठाणे नंतर. तुमच्या प्रकरणातील १९ दिवस एवढ्यानेच कोणी दोषी ठरणार नाही.

मग ठरते कशावरून? माझ्या अनुभवात बहुतेक वेळा एका ओळीवरून. रुग्णाला अपघात विभागात आणल्यावर वैद्यकीय अधिकारी जी पहिली नोंद करतात, तिच्यात दुखापत कशी झाली हे लिहिलेले असते आणि बऱ्याच ठिकाणी त्याच्याच खाली ‘माहिती देणार’ असा रकाना असतो. एका दाव्यात मी विमा कंपनीकडून होतो. अर्जदाराने शपथेवर सांगितले की टेम्पोने मागून धडक दिली. आम्ही रुग्णालयाची नोंदवही मागवली. तिच्यात निळ्या शाईत लिहिले होते, ‘दुचाकी घसरून पडल्याने, सुमारे एक तासापूर्वी’, आणि माहिती देणार म्हणून ‘स्वतः रुग्ण’. खाली रुग्णाचीच सही. उलटतपासणीत मी फक्त ती सही त्याला दाखवली. तो बराच वेळ कागदाकडे पाहत राहिला आणि मग सही आपली आहे म्हणाला. टेम्पोची तपासणी मोटार वाहन निरीक्षकांनी घटनेनंतर जवळपास महिन्याने केली होती आणि अहवालात ‘ताजे नुकसान नाही’ असा शेरा होता. दावा फेटाळला गेला आणि तक्रारीचा आदेशही झाला.

दुसऱ्या एका दाव्यात मी अर्जदाराकडून होतो. तेथेही पहिल्या नोंदीत ‘गाडीवरून पडल्याने’ असेच होते आणि विमा कंपनीने तुमच्या प्रकरणातल्यासारखाच अर्ज देऊन अवमान, खोटी साक्ष, फसवणूक अशी सगळी शस्त्रे एकाच वेळी बाहेर काढली होती. परंतु रुग्ण बेशुद्ध होता, त्याला आणणारा रिक्षाचालक अनोळखी होता, माहिती देणाराचा रकाना कोरा होता, आणि घटनास्थळाच्या पंचनाम्यात फुटलेल्या दिव्याच्या काचा होत्या, ज्या पळून गेलेल्या ट्रकच्या पुढच्या भागाशी जुळल्या. रिक्षाचालकाने जे पाहिले ते सांगितले : माणूस रस्त्यावर पडलेला होता. धडक त्याने पाहिलीच नव्हती. तो दावा मंजूर झाला. विमा कंपन्यांचे काही तपासनीस पहिल्या नोंदीतील ‘पडल्याने’ हा शब्द दिसला की पुढचे वाचत नाहीत, ही माझी जुनी तक्रार आहे. अवमानाची धमकी तडजोडीची रक्कम खाली आणण्यासाठी वापरली जाते, हेही मी पाहिले आहे.

तुमच्या प्रकरणात मात्र तुम्हीच मला लिहिले आहे की जीप तेथे नव्हती. त्यामुळे पुरावा कमजोर आहे का, यावर पैज लावण्याचा सल्ला मी देणार नाही. रुग्णवाहिकेची नोंद, मोबाइलचे ठिकाण आणि जीपच्या फास्टॅगची त्या रात्रीची नोंद हे सगळे मागवता येते, आणि ज्या कंपनीने रुग्णालयाचे कागद मिळवले ती एवढ्यावर थांबणार नाही.

आता तुमच्या स्थितीचा एक भाग, जो तुम्हाला सल्ला देणाऱ्याने बहुधा सांगितला नसेल. ‘पैसे विमा कंपनी देणार, तुमचे काय जाते’ असे सांगूनच गाडीमालकाकडून सही घेतली जाते. प्रत्यक्षात भरपाईची जबाबदारी आधी चालक आणि मालक यांची असते. विमा कंपनी त्यांच्या वतीने ती उचलते. चालकाचा परवाना वैध नव्हता किंवा पॉलिसीच्या एखाद्या मूलभूत अटीचा भंग झाला असे निघाले, तर न्यायाधिकरण विमा कंपनीला आधी पैसे देण्यास आणि नंतर ते मालकाकडून वसूल करण्यास सांगू शकते. म्हणजे ज्या धडकेत तुमची जीप नव्हतीच, तिच्यापायी तुमच्या शेतीवर वसुलीचा बोजा चढू शकतो, आणि तेव्हा ‘जीप नव्हती’ असे म्हणण्याची सोय तुम्ही कैफियतीवर सही करून घालवलेली असते. गुन्हा कबूल करून भरलेला दंड क्षुल्लक वाटला असेल, पण ती दोषसिद्धी आहे आणि कबुलीवर झालेल्या दोषसिद्धीविरुद्ध अपिलाचा दरवाजा जवळजवळ बंद असतो.

तेव्हा करायचे काय? सर्वांत आधी स्वतंत्र वकील नेमा. कैफियत ज्यांनी तयार केली त्यांचे अर्जदाराच्या वकिलांशी संबंध असतील, तर त्यांचे हित आणि तुमचे हित आता एक राहिलेले नाही. नव्या वकिलांना सगळे खरे सांगा आणि त्यांच्या सल्ल्याशिवाय कोठेही काही लिहून देऊ नका, कारण तुम्ही द्याल ते कबुलीचे प्रतिज्ञापत्र उद्या तुमच्याच विरुद्ध पुरावा होऊ शकते. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती होऊ नये हे संरक्षण संविधानाच्या अनुच्छेद २०(३) ने दिलेले आहे आणि ते कोणत्या टप्प्यावर, किती वापरायचे हा वकिलाने कागद पाहून ठरवायचा विषय आहे. माझे स्वतःचे मत असे की विमा कंपनीच्या अर्जावर लेखी म्हणणे देण्याची तारीख ही तुमच्यासाठी निर्णायक आहे. त्या दिवशी जुनेच कथन पुन्हा शपथेवर मांडले, तर पहिल्या खोट्यावर दुसरे खोटे चढते, आणि मग ‘शेजारधर्म म्हणून एकदा चूक झाली’ असे कोणी मानणार नाही. त्याउलट, सरतपासणीचे (म्हणजे स्वतःच्या मूळ साक्षीचे) प्रतिज्ञापत्र दाखल होण्याआधी कैफियतीतील कबुली मागे घेण्याचा अर्ज करून खरी स्थिती मांडली, तर तक्रार करणे न्यायहिताच्या दृष्टीने आवश्यक आहे का, हे ठरवताना ती गोष्ट तुमच्या बाजूने तोलली जाते. अपराध त्यामुळे पुसला जात नाही. तो सही केली त्याच दिवशी पुरा झाला. पण कलम ३७९ मध्ये न्यायाधिकरणाला विवेकाधिकार आहे आणि तो वापरायला त्याला काहीतरी कारण मिळाले पाहिजे.

अर्जदाराने पुरसीस (म्हणजे न्यायालयाला तसे लेखी कळवणारा कागद) देऊन दावा काढून घेतला की सगळे मिटले, असा एक समज न्यायालयाच्या आवारात फार पसरलेला आहे. दावा मिटतो, खोट्या पुराव्याची चौकशी मिटत नाही. तरीही दावा लवकर मागे घेतला जाणे सर्वांच्याच हिताचे आहे, कारण एक पैसाही उचललेला नसताना मागे घेतलेला दावा आणि निवाडा होऊन रक्कम खर्च झाल्यावर उघड झालेली लबाडी यांच्याकडे न्यायाधीश सारख्या नजरेने पाहत नाहीत. एक गोष्ट मात्र कटाक्षाने टाळा : रुग्णालयातील डॉक्टरांना भेटून नोंद ‘दुरुस्त’ करून घेण्याचा, किंवा पंचांना समजावण्याचा प्रयत्न. असा प्रयत्न झाला की ज्या अवमानाला मी वर दुय्यम धोका म्हटले, तो पहिल्या क्रमांकावर येतो.

माफीबद्दलही स्पष्ट लिहितो, कारण ती मागण्याची एक पद्धत असते. कलम १२ च्या स्पष्टीकरणानुसार माफी सशर्त आहे एवढ्याच कारणावरून ती नाकारता येत नाही, जर ती प्रामाणिक असेल तर. परंतु एका परिच्छेदात कृतीचे समर्थन आणि पुढच्या परिच्छेदात माफी असा मसुदा चालत नाही. हे सर्वोच्च न्यायालयाने नागपूर उच्च न्यायालयातून गेलेल्या एम. वाय. शरीफ प्रकरणातच सांगून ठेवले आहे. त्याच निर्णयात आणखी एक गोष्ट आहे, जी माझ्या व्यवसायबंधूंनी वाचायला हवी : पक्षकाराने सांगितले म्हणून खातरजमा न करता अवमानकारक अर्जावर सही करणारा वकीलही जबाबदार ठरतो. तुम्हाला हा मार्ग दाखवणारा जर वकील असेल, तर तो केवळ मसुदा लिहिणारा म्हणून सुटेल असे समजू नका. उत्तर प्रदेशातील खोट्या अपघात दाव्यांची चौकशी २०१५ च्या उच्च न्यायालयाच्या आदेशाने विशेष तपास पथकाकडे गेली. पुढे सफीक अहमद प्रकरणात सर्वोच्च न्यायालयासमोर आलेल्या माहितीनुसार त्या पथकाकडे १३७६ संशयास्पद दावे आले होते, आणि आरोपींत अर्जदारांबरोबर वकील, पोलीस, डॉक्टर, वाहनमालक आणि चालकही होते. २०२१ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने तेथील २८ वकिलांना निलंबित केले. वाहनमालक हा शब्द त्या यादीत आहे, हे तुम्ही लक्षात घ्यावे.

तुमच्या दाव्यात अजून निवाडा झालेला नाही, म्हणून पुढचा भाग थोडक्यात. निवाडा होऊन गेल्यावरही फसवणूक उघड झाली तर न्यायाधिकरण आपलाच निवाडा मागे घेऊ शकते, हे युनायटेड इंडिया इन्शुरन्स विरुद्ध राजेंद्रसिंग या २००० च्या निर्णयाने पक्के केले आहे. अपिलात जमा झालेली रक्कम काढून घेताना उच्च न्यायालय अर्जदाराकडून अनेकदा हमीपत्र घेते : अपील उलटले तर रक्कम परत करीन. ती रक्कम खर्च झाली आणि परत करता आली नाही, तर हमीच्या हेतुपुरस्सर भंगाबद्दल दिवाणी अवमानाचा प्रश्न उभा राहतो, आणि तो फौजदारी अवमानापेक्षा सिद्ध करायला सोपा असतो, कारण हमीपत्रावर सही असते आणि बँकेचा उतारा बाकीचे बोलतो. शेजाऱ्यांना दावा मागे घ्यायला पटवताना हा मुद्दा सांगून पाहा. सात वर्षांच्या कैदेची भीती कित्येकदा खरी वाटत नाही; काढलेले पैसे व्याजासह परत करावे लागतील, हे मात्र लगेच समजते.

त्या मुलाच्या खर्चाचे काय, हा प्रश्न राहतोच, आणि तुम्ही सही केली ती त्या खर्चाकडे पाहूनच. मोटारसायकल त्याच्या स्वतःच्या नावावर असेल तर तिच्या पॉलिसीत मालक-चालकासाठी १५ लाख रुपयांचे वैयक्तिक अपघात संरक्षण आहे का पाहा. परंतु ते मृत्यू, अवयव किंवा दृष्टी गमावणे आणि कायमचे पूर्ण अपंगत्व यांसाठी असते, साध्या अस्थिभंगाच्या उपचारखर्चासाठी नाही. तेव्हा फार आशा ठेवू नका. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत किंवा धर्मादाय रुग्णालयातील राखीव खाटांवर तो बसत होता का, हे त्या वेळी कोणीतरी पाहायला हवे होते. हाडातील सळई काढण्याची दुसरी शस्त्रक्रिया बाकी असेल, तर त्याची चौकशी आताही करता येईल. तुमच्या नव्या वकिलांकडे जाताना कैफियतीची आणि विमा कंपनीच्या अर्जाची प्रमाणित प्रत, फौजदारी न्यायालयाचा निकाल, जीपच्या तपासणीचा अहवाल, पॉलिसी आणि त्या तारखेला वैध असलेला परवाना एवढे कागद बरोबर न्या, आणि पुढच्या तारखेच्या निदान आठ दिवस आधी जा, म्हणजे म्हणणे देण्यासाठी मुदत मागण्याची वेळ येणार नाही.